चाळीस कपांचे खोके

नमुन्याला एक कप घेऊन या, असं मीच काकांना फोनवर सांगितलं होतं. आमच्या खोक्यांच्या धंद्यात नमुन्याचा नग म्हणजे आपटायचा नग. घडीचा खोका उभा केला की त्यात खरा माल भरायचा आणि टेबलाच्या उंचीवरून खाली सोडायचा. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे सगळ्या जगाला ते ठाऊक असणार असं मी धरून चालले होते.

काका आले ते कप टॉवेलात गुंडाळून. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांची मुलगी मातीचे कप करायची. गेल्या वर्षी आजारपणात ती गेली आणि मागे चाळीस कप राहिले. एका मोठ्या दुकानाने ते ठेवायचं कबूल केलं होतं, खोक्यावर तिचं नाव छापून. अट एवढीच की खोके मजबूत हवेत आणि चाळीसात एकही कप कमी नको.

"आपलं नाव दुकानात लागावं असं तिला फार वाटायचं," काका म्हणाले.

मला वाईट वाटलं. पण माझं वाईट वाटणं माझ्या तोंडावर कधी दिसत नाही. मी भराभर नमुने मांडले. काका एकेक पुठ्ठा बोटांनी वाकवून बघत होते आणि मान हलवून परत ठेवत होते. अर्धा तास झाला तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काका, पुठ्ठा घ्यायचाय, सोनं नाही. हा तीनशे ग्रॅम जाडीचा घ्या. सगळे हाच नेतात."

"हा हलका वाटतो, ताई. त्या चारशेच्या जाड पुठ्ठ्यात करा ना. पस्तीस वर्षं पार्सलं हाताळलीत मी. पार्सल कोणी ठेवत नाही हो, फेकतात."

"माझा धंदा मला शिकवू नका. थांबा, दाखवतेच."

रागारागात मी तीनशेचा खोका उघडला, तळाच्या घड्या एकमेकींत अडकवल्या, कप आत ठेवला. काका "अहो ताई, अहो" म्हणेपर्यंत खोका हातातून सुटलाही होता.

खोक्याचा तळ उघडला. कप फरशीवर फुटला.

"चाळीसातला गेला का हो?" मी विचारलं.

"नाही, नाही. त्यांना मी हात लावला नाही." काका खाली बसून तुकडे टॉवेलात वेचू लागले. "हा माझा. तिने केलेला पहिला. जरा कलला होता, म्हणून म्हणाली, बाबा, हा तुम्हालाच. सकाळचा चहा यातच घेतो मी. माप तेच आहे, म्हटलं मापाला चालेल."

मी फरशीवर त्यांच्या शेजारी बसले. माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्हाला काय माहीत? मीच आधी सांगायला हवं होतं." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझीच समजूत घालत होते.

आठवडाभराने खोके तयार झाले. चारशेचा पुठ्ठा, आत आणखी एक जाड पट्टी. घरातले माझे तीन कप फोडले, चौथा टिकला, तेव्हा कुठे मी छपाईला दिलं. काकांनी चाळीस कप स्वतःच्या हातांनी भरले. प्रत्येक खोक्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी पिशवीतून तो टॉवेल काढला. त्या दिवशी तुकड्यांवर मारलेली गाठ अजून तशीच होती.

"एक खोका जास्तीचा मिळेल का, ताई? तीनशेचा चालेल. यात आता फुटण्यासारखं काही राहिलं नाही."

मी चारशेचाच घेतला. डोळे इतके भरून आले की घडीची रेघ दिसेना. शेवटी काकांनीच माझ्या हातातून खोका घेतला आणि तळ नीट अडकवला.