पाट कोण उपसणार

मी गावचा पाटकरी. ऑगस्ट लागला, आमच्या डोंगरातला कोरडा महिना, की एका पहाटे मी शंख फुंकायचो आणि उजाडेपर्यंत साठ माणसं फावडी घेऊन पाटावर हजर व्हायची. बाया मागून उकडलेले बटाटे आणि चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, घेऊन यायच्या. कोकाची पानं चघळत, एकमेकांची टिंगल करत दिवसभरात पाट साफ. मजुरी मागायची तरी कुणाकडे? पाणी सगळ्यांचंच होतं.

मग तांब्याच्या खाणीची कंपनी आली. गावाचं काही भलं करायचं म्हणून त्यांचा इंजिनियर रेन्सो गावसभेत उभा राहिला. म्हणाला, "फुकट कशाला राबता? पाट तुमचा, मजुरी आमची." सगळ्यांनी हात वर केले. पहिला हात माझा होता, हे लपवत नाही. चार वर्षं आम्ही नारिंगी जाकिटं घालून आपलाच पाट रोजावर उपसला. फोटोही काढले त्यांनी.

यंदा तांबं संपलं आणि कंपनी गेली. मी शंख फुंकला. आली फक्त कासिल्दावहिनी, माझ्या चुलतभावाची विधवा.

मी दारोदार फिरलो. एपिफानियो उंबऱ्यातूनच म्हणाला, "काका, रोज काय देताय?"

"तुझा बाप फुकट उपसायचा ना रे?"

"त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि दुसरी कंपनी येतेय म्हणतात. आत्ता फुकट उपसला, तर ते कशाला पैसे देतील?"

घरोघरी हेच. माझं डोकं फिरलं, पण सांगू कुणाला?

वहिनीचं शेत पार टेलला, पाट संपतो तिथे. ती म्हणाली, "पंधरा दिवसांत पाणी नाही आलं तर मका जाणार. मग लिमाला, शहरात लेकाकडे. एक खोली, सहा माणसं. मी कुठे मावणार, भाऊजी?"

आम्ही दोघंच लागलो. गाळ गुडघाभर. सगळा पाट काही जमणार नव्हता, म्हणून पाणी सरकेल एवढी चिंचोळी वाट काढत गेलो. ती माझ्याहून थोरली, पण फावडं खाली ठेवायची नाही. तेराव्या दिवशी पाणी माझ्या शेतात शिरलं. मी बांधावर बसलो आणि मला रडू आलं.

तिच्या शेतापर्यंत अजून दोन दिवसांचं काम उरलं होतं.

"उद्या माझ्याकडचं धरायचं ना?" तिनं विचारलं.

पाठ मोडून आली होती. पाणी तर माझ्या मक्यापर्यंत पोचलंच होतं. तोंडून निघून गेलं, "काय द्याल, वहिनी?"

मला वाटलं, ती फावडं माझ्या डोक्यात घालेल. घालायलाच हवं होतं. तिनं घागऱ्याला हात पुसले आणि जरा विचार केला.

"दोन कोंबड्या उरल्यात. चालतील?"

"चालतील," मी म्हणालो.