हिरवी ज्योत

आमच्या भंगाराच्या वखारीत प्लास्टिकची जात ओळखायचं काम माझ्या सासूबाईंच्या नाकाकडे होतं. तुकडा चिमट्यात धरायचा, काडी लावायची, विझवायचा आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर दुधाची पिशवी, गोडसर आला तर पाण्याची बाटली, आणि नाकाला झोंबला तर आमच्या भाषेत 'झोंबरं'. हे झोंबरं बाटल्यांत मिसळलं की वितळवताना अख्खा माल काळा पडतो. तीस वर्षांत सासूबाई एकदाही चुकल्या नव्हत्या, आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी ऐकवायच्या.

मग साथ आली, वखार बंद पडली. दोन महिन्यांनी वखार उघडली तर गोण्यांतला मालच बदललेला! बाटल्या कमी, पार्सलचे डबे, हातमोजे आणि फेसशील्ड यांचे मात्र ढीग. मला तर पर्वणीच वाटली. नवी वस्तू दिसली की ती कशाची केलीय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासूबाई याला 'नसत्या चौकशा' म्हणतात.

मास्क सगळ्यांनाच सक्तीचा होता, पण हुंगायचं म्हटल्यावर सासूबाई तो खाली ओढायच्याच. व्हायचं ते झालं. तीन आठवडे त्या अंथरुणाला खिळल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उठून चार दिवस होतात न होतात तोच पुन्हा चिमटा हातात.

आठवडाभरात, आमच्या बाटल्या वितळवून दाणे करणाऱ्या कारखान्यानं एक गोणी परत पाठवली. त्यातला थोडा माल वितळवून पाहिला तर दाण्यांत काळे ठिपके पडले होते.

"मावशी," वखारीचे मालक म्हणाले, "माल घेणारा हा एकच कारखाना सध्या चालू आहे. अजून एक गोणी परत आली तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल."

"माझं नाक चुकत नाही. त्यांचीच भट्टी बिघडली असेल!"

नाक चुकलं कसं, या प्रश्नानं माझं डोकं खाल्लं. परत आलेल्या गोणीत फेसशील्डचे तुकडे होते. मी एक जाळून पाहिला. असा झोंबला की डोळ्यांतून पाणी! हे तर कुणालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून दूध करपलं. त्याच दुधाचा चहा सासूबाईंसमोर ठेवला. मी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. "छान झालाय," म्हणाल्या. म्हणजे त्यांना वासच येत नव्हता!

विचारायची सोय नव्हती. नाकावर माशी बसू न देणारी बाई, कबूल कशी करणार? आणि चिमटा काढून घेतला तर त्या खचतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उपाय सापडला तो नसत्या चौकशांतूनच. जुनी वायर जाळून मी तांब्याची तार काढत होते, तर ज्योत हिरवीगार! नुसती तार तापवली, हिरवं काही नाही. म्हणजे रंग वरच्या आवरणाचा, आणि ते तर झोंबरंच. तापलेली तार फेसशील्डला टेकवून ज्योतीत धरली. हिरवी! बाटलीला टेकवली. साधी पिवळी. मी लहान मुलीसारखी धावत गेले.

"आई, हे असं का होतं हो? जरा बघा ना."

"झाल्या का सुरू चौकशा," म्हणत त्यांनी तार हातात घेतली. एकदा करून पाहिलं, दोनदा, दहादा. मग पुढचा ढीग ओढला. संध्याकाळपर्यंत झोंबऱ्याचा वेगळा डोंगर झाला होता.

त्या दिवशी निवडलेली बाटल्यांची गोणी कारखान्यानं ठेवून घेतली. मालक खूश होऊन आले. "काय मावशी, नाक आलं म्हणायचं ठिकाणावर!"

सासूबाईंनी चिमटा खाली ठेवला. "नाक गेलंय. उठले त्या दिवसापासून कशाचाच वास येत नाही. ही तारेची युक्ती हिची आहे."

मालकांनी मान डोलावली आणि तांब्याच्या आणखी चार तारा आणायला सांगितल्या.

घरी परत जाताना मी हळूच म्हटलं, "आई, त्या दिवशीचा चहा करपलेला होता."

"माहीत आहे. एक घोट घेऊन तू कप खाली ठेवलास, तेव्हाच कळलं मला, काहीतरी बिघडलंय," त्या म्हणाल्या. "काय ते मात्र ओळखता येईना. विचारलं असतं तर नाक गेल्याचं तुला कळलं असतं, म्हणून तर सगळा प्यायले."