डावी फळी

आमच्या बेटावर माकडं मोकळी फिरतात आणि माणसं पिंजऱ्यात बसून जेवतात. नवख्यांना याचं हसू येतं. एकदा ताटावर झडप पडली की तेही निमूटपणे आत येऊन कडी लावतात.

माझा थोरला भाऊ एलादिओ रोज सकाळी आम्हाला होडीने इथे आणतो. माकडांवर नजर ठेवणं माझं काम, त्यांचे डोळे तपासणं डॉक्टर ऑर्तिसबाईंचं. इथल्या काही माकडांच्या घराण्यांत काचबिंदू पिढीजात आहे, अगदी माणसांसारखा. तो एका पिढीतून दुसरीत कसा उतरतो हे कळलं तर माणसांचे डोळे वाचतील, म्हणून हा सगळा खटाटोप. माकड पकडून डोळ्यांतला दाब मोजायचा तो नंतर. आधी कडेने खोबऱ्याचा तुकडा टाकायचा. धड डोळ्यांचं माकड मान वळवतं. काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं बरेच दिवस शाबूत राहतं.

त्या सकाळी बाईंनी एका म्हाताऱ्या माकडिणीच्या डावीकडे तुकडा टाकला. ती समोरच बघत राहिली. तिच्या लेकीने येऊन तुकडा खाल्ला आणि आईच्या डाव्या अंगाला बसली.

"लेकीला केव्हाच कळलंय," बाई म्हणाल्या. "कायम त्याच बाजूला असते बघ."

मला आमची होडी आठवली. वर्षभर एलादिओ मला होडीत डाव्या फळीवर बसवत होता. "तुझ्या वजनाने तोल राहतो गं. बसल्या बसल्या खडक दिसला तर सांग, तेवढंच पुण्य!" म्हणायचा, आणि मी त्याला शिव्या हासडायचे. होडीचा डावीकडचा रंग पार खरवडून निघाला होता. त्याचं खापर तो लाटांवर फोडायचा. बाबांचे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी खाऱ्या वाऱ्याला दोष दिला होता. दिवसभर माकडांचे डोळे बघणारी मी, भावाच्या बाबतीत डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते.

दुपारी पिंजऱ्यात एलादिओ तळलेली केळी खात होता. मी त्याच्या डावीकडे बसले आणि त्याच्या कानाजवळून खोबऱ्याचा तुकडा वाळूत टाकला.

"मीठ कमी पडलंय," तो म्हणाला.

मी दुसरा टाकला, आणखी जवळ. तो समोर बघत चावत राहिला. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. तेवढ्यात गजांतून एक केसाळ हात त्याच्या दंडाला घासत आला आणि एक तुकडा उचलून गेला. एलादिओ दचकून वळला. वाळूतला उरलेला तुकडा त्याने पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मला माकड केलंस होय गं?"

"कधीपासून कळतंय तुला?"

"बाबांचंही असंच सुरू झालं होतं." त्याने बोटं पुसली. "होडी काढून घेतील माझ्याकडून, नेरेइदा."

"आणि डोळे गेल्यावर काय होडी ठेवतील?"

ताट तसंच राहिलं.

परतताना त्याने इंजिनाची किल्ली आपणहून माझ्या हातात दिली. होडी मला त्यानेच शिकवली होती. तो माझ्या रिकाम्या डाव्या फळीकडे निघाला, थबकला आणि उजवीकडे जाऊन बसला.

"ही बाजू मी बघतो," तो म्हणाला. धक्का दिसू लागला तेव्हा पुन्हा बोलला, "उद्या सान हुआनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल. मला एकट्याला आता रस्ता ओलांडता येत नाही."