सातव्या खांबावरची चुंबकं

मी दयाराम. मलकापुरात तीस वर्षं झाली, पाइप जोडून राह्यलो. तोंडाचा मी फटकळ, हे आधीच सांगून टाकतो. माह्या बायकोचं म्हणणं आहे का मी नळाशी पण भांडतो. भांडतोच. नळ गळाले लागला तर त्याले बोलू नाही तर काय त्याची आरती करू?

या फेब्रुवारीत गावाबाहेरच्या एका जिनिंगचं काम आलं. ऊन तापाले लागलं का रुई कोरडी पडते, तिचा धागा तुटते. म्हणून शेडमध्ये वरून बारीक फवाऱ्यानं पाणी सोडायचं होतं. पातळ पाइप, पहिल्या खांबापासून नवव्या खांबापर्यंत. काम तसं पोरखेळच. पण सीझन चालू, शेडमध्ये कापसाचे ढीग अन् हवेत रुईची धूळ. तिथं वेल्डिंग चालत नाही अन् ड्रिलही चालत नाही. एक ठिणगी पडली का खेळ खलास. ठिणगीचं त्या जिनिंगले कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिथं आग लागली होती.

तिथल्या सुपरवायझर प्रेरणा मॅडम. पंचविशीची पोरगी, धामणगाव बढ्याची, शिकलेली, डोकं थंड. तिनं एक खोकं उघडून माह्यासमोर ठेवलं. आत रबर चढवलेली गोल चुंबकं, अन् हरेकाच्या डोक्यावर पाइप धरायची पकड. म्हणाली, काका, खांब लोखंडी आहेत, भोक पाडायचंच नाही, नुसतं चिकटवायचं. मी हसलो. तीस वर्षं भोकं पाडून, क्लॅम्प आवळून पाइप बसवले, अन् आता फ्रिजवर प्लास्टिकचे आंबे चिकटवतात तसा पाइप चिकटवू? मॅडमनं एक चुंबक खांबाले लावलं अन् म्हणाली, काढा. मी ओढलं. पाय खांबाले टेकवून ओढलं. कापूस निवडणाऱ्या बाया तोंडाले पदर लावून हसाले लागल्या. मंग मॅडमनं सांगितलं का सरळ ओढू नका, तिरपं करा, सुटते. माही चांगली जिरली.

हसणाऱ्यांत जनकाबाई नव्हती. साठीची बाई, अंगानं काडी, कापसातला कचरा वेचते. तिची सुवर्णा त्या आगीत गेली, एकोणीस वर्षाची. सातव्या खांबापाशी सापडली. त्या खांबावर तवा आग विझवायच्या पाण्याचा वॉल होता, लाल चाकाचा, अन् त्याले नळी गुंडाळलेली. पंचनाम्यात लिहिलं का वॉल बंदच होता, पोरगी घाबरली अन् तिनं उघडला नाही. तवापासून दर सीझनले नव्या बायांले वॉल फिरवणं शिकवतात, अन् शेवटी एक वाक्य ठरलेलं असते. सुवर्णासारखं भिऊ नका. हे शिकवाले कोणाले बोलावतात? मले. अकरा वर्षं ते वाक्य माह्याच तोंडून निघून राह्यलं, अन् जनकाबाई समोर खाली मान घालून कापूस वेचत बसलेली असते.

ती मले जिथं भेटन तिथं, बाजारात, दवाखान्यात, एष्टी स्टँडवर, एकच गोष्ट विचारते. भाऊ, वॉल जाम होता काय? मी म्हणतो, नाही हो, चांगला होता. ती मान हलवते अन् निघून जाते. तिले खरं उत्तर पाहिजे होतं. ते साऱ्या जगात एकट्या मले माहीत होतं, अन् मी देत नव्हतो.

असो. पहिल्याच दिवशी मी नवव्या खांबापर्यंत पाइप नेला. चुंबक बसवायच्या आधी जागा फडक्यानं साफ पुसायची, धूळ राह्यली का पकड ढिली पडते, हे मॅडमनं शिकवलं अन् मी मुकाट्यानं शिकलो. हरेक खांबावर तीन चुंबकं, दोन खांबांच्या मधातल्या लोखंडी पट्टीवर चार-चार फुटांवर एक. संध्याकाळी पाणी सोडलं. एक थेंब गळाला नाही. खोटं कायले बोलू, मले ते काम आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या खांबाची तिन्ही चुंबकं खाली पडलेली अन् पाइप पोटातून लोंबून राह्यला. सहाव्याची जागच्या जागी, आठव्याची जागच्या जागी. मी हमालांवर तोंडसुख घेतलं, कोणी कापसाची गाठ आदळली म्हणून. ते बिचारे म्हणाले, भाऊ, त्या कोपऱ्यात आमी जातच नाही. मंग मी रंगावर खापर फोडलं. पॉलिश पेपरनं खांबाचा रंग घासला, खालचं लोखंड चमकेपर्यंत, अन् खोक्यातली नवी तीन लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी तीही खाली.

चौथ्या दिवशी मी पडलेलं एक चुंबक उचललं अन् खिशातला खिळा त्याले लावला. खिळा खाली पडला. दुसरं पाह्यलं, तिसरं पाह्यलं. परवाच खोक्यातून काढलेली चुंबकं, नुसत्या दगडाच्या चकत्या होऊन बसली होती. मॅडमनं पुण्याच्या दुकानदाराले फोटो पाठवले. त्याचा फोन आला तवा मी बाजूलेच होतो. तो म्हणाला, ही चुंबकं आगीत सापडली होती का? ऐंशी डिग्रीच्या वर तापली की यांचा जीव जातो, मग परत येत नाही.

मॅडम हसली. तिनं सातव्या खांबावर तळहात ठेवला अन् म्हणाली, हा तर गार आहे, काका, बघा. मी पण हात लावला. वर पत्रा तापलेला, बाकी सगळे खांब कोमट, अन् हा एकटा माठासारखा गार. मी हात झटकन मागं घेतला. मॅडमले ते हसण्यावारी नेता आलं, कारण ती आगीच्या वर्षी शाळेत होती.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो नाही. म्हटलं, डोळ्यानं पाहू. तीन नवी चुंबकं लावली, पाइप अडकवला, अन् समोरच्या गाठीवर भाकर घेऊन बसलो. एक वाजता मशिनी बंद झाल्या. बाया बाहेर लिंबाखाली जेवाले गेल्या. जिनिंगमधी मशिनी बंद झाल्या का कान सुन्न होतात, थोड्या वेळानं बारीक-सारीक आयकू याले लागते. पत्र्यावर चिमण्या. रस्त्यावरचा ट्रक.

अन् मंग चर्र.

तीस वर्षं ज्यानं वॉल फिरवले त्याले हा आवाज झोपेतही ओळखू येईन. न वापरलेल्या वॉलचं चाक फिरतानी असा आवाज येते. सातव्या खांबावर वॉल नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मीच कापून नेला होता. तिथं माह्या तीन चुंबकांशिवाय काही नव्हतं. तरी चर्र. एक फेरा. चर्र. दोन. हातात घास तसाच राह्यला अन् मी मोजत बसलो. दोन इंची वॉल पुरा उघडाले नऊ फेरे लागतात. नऊ झाले. टक् असा आवाज झाला, चाक शेवटाले टेकलं का होते तसा. मंग काहीच नाही. पाणी आल्याचा आवाज नाही. थोडं थांबून चाक उलटं फिराले लागलं, अन् मंग परत सुलटं. पाणी आलं नाही का माणूस हेच करते. बंद करून परत उघडते, आपलंच चुकलं असन म्हणून.

जळक्या रबराचा वास आला. वरचं चुंबक खांबावरून हळूहळू घसरलं अन् खाली पडलं. मी उचलाले गेलो अन् बोटं भाजली. तो फोड अजून पाहाले भेटन तुम्हाले. खांबाले हात लावला, गार.

आता सांगतो, मी काय केलं होतं ते. अकरा वर्षांपूर्वी या शेडची आगीची लाइन मीच टाकली. पाचव्या खांबापर्यंत आलो अन् पाइप संपला. दुसऱ्या दिवशी तपासणीले साहेब येणार होते, अन् वॉल तर दोन दाखवायचे होते. मी दीड फूट पाइपच्या तुकड्याले वॉल बसवला, तुकडा सातव्या खांबाले क्लॅम्प केला, त्याचं मागचं तोंड पत्र्यात दडवलं अन् लाल रंग मारला. मागं काही नव्हतं. पाणी नव्हतं, लाइन नव्हती. दिवाळीत जोडून टाकू म्हटलं. साहेबांनी दोन वॉल पाह्यले, सही केली. बायांले मी पाचव्या खांबावर फिरवून दाखवलं, पाणी उडालं, बाया खूश. दिवाळी गेली, सीझनच्या गडबडीत राहून गेलं. जानेवारीत आग लागली. सुवर्णा कोपऱ्यात, मधात पेटलेला कापूस, अन् तिच्या हाताशी माहा तो वॉल.

संध्याकाळी आग विझली. सगळे दवाखान्यात पळाले होते. मी आत गेलो अन् पाह्यलं. वॉल पुरा उघडा होता. नऊच्या नऊ फेरे. मी तो बंद केला. सकाळी पंचनामा झाला. पुढं मी समोरच्या भिंतीनं खरी लाइन टाकून दिली अन् तो तुकडा कापून नेला. माही छकुली तवा दोन वर्षाची होती, मी जेलात गेलो तर तिचं कसं होईन, असं मनाले सांगत राह्यलो. झाकली मूठ. मालकाले माहीत होतं का नाही, मी कधी विचारलं नाही अन् त्यानंही नाही.

मी भाजलेली बोटं तोंडात घालून उभा होतो. चाक पुन्हा सुरू झालं होतं. मागं पायांचा आवाज आला म्हणून वळलो, तर जनकाबाई. हातात रिकामा डबा. ती माह्याकडं नाही, खांबाकडं पाहून राह्यली होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. लेकरू आतल्या खोलीत खोकलत असलं का माय कान देऊन आयकते, तशी ती उभी होती.

"तुमाले बी आयकू येते?" तिनं विचारलं. "मले वाटे मले एकलीलेच येते. अकरा वर्सं झाले. मशिनी थांबल्या का रोज."

ती एवढी वर्षं भाकर खाऊन सगळ्यांच्या आधी आत काऊन येते, हे मले तवा समजलं. ती लेकीपाशी बसाले येत होती. अन् ती मले दर भेटीत तेच काऊन विचारते, तेही समजलं. तिले वाटत होतं, पोरगी चाक फिरवून राह्यली अन् ते फिरत नाही.

"खरं सांगा, भाऊ," ती म्हणाली. "वॉल जाम होता काय?"

मी खाली बसलो. म्हटलं, जनकाबाई, वॉल जाम नव्हता. त्याच्यात पाणीच नव्हतं. मंग पाइपच्या तुकड्यापासून सगळं सांगितलं, पत्र्यात दडवलेलं तोंड, साहेबांची सही, संध्याकाळी मी आत गेलो ते. वॉल बंद कोणी केला तेही सांगितलं. सांगतानी तो आवाज चालू होता का थांबला होता, मले आठवत नाही. मले वाटलं ती मारन. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मंग तिनं विचारलं, "किती फिरवला होता तिनं?"

"पुरा. नऊ फेरे."

"मीच तिले शिकवलं होतं," ती म्हणाली. "बाई, पळू नको, चाक फिरव, पानी येईन. मीच सांगलं होतं." अन् ती रडली. बसून नाही, उभ्यानंच, डबा छातीशी धरून. "माह्या पोरीनं आयकलं होतं माह्यं."

मी हात जोडले. तिनं माह्या जोडलेल्या हाताकडं पाह्यलंही नाही. माहं मनगट धरलं, त्या काडीसारख्या हातात एवढा जोर असन असं मले वाटलं नव्हतं, अन् मले ओढत बाहेर लिंबाखाली नेलं. तिथं तीस-बत्तीस बाया जेवून बसल्या होत्या, प्रेरणा मॅडम फोनवर काही पाहून राह्यली होती. नव्या बायांत चार-पाच अशा होत्या का ज्यांले याच सीझनले मी ते वाक्य शिकवलं होतं. आमाले असं येतानी पाहून सगळ्या उठून उभ्या राह्यल्या.

जनकाबाईनं माहं मनगट सोडलं नाही.

"माह्या सुवर्णाले भित्री म्हनत होते ना तुमी," ती म्हणाली. "आता आयका."

अन् मी पाइपच्या तुकड्यापासून सांगाले सुरुवात केली.