बरी आहे

आरोग्य खात्यातल्या अर्थतज्ज्ञ बाईंना त्यांची मावशी अजून ‘छकुली’ म्हणायची, आणि ही बातमी ऑफिसात फुटू नये म्हणून छकुली जिवापाड जपायची. फिरत्या दवाखान्याची गाडी एकच, वस्त्या दोन: एक दगडखाणीमागं, एक कालव्याकाठी. जिथं आजार जास्त तिथं गाडी, हा नियम तिचाच. घरोघर माणसं पाठवून विचारून झालं होतं, ‘तब्येत कशी आहे?’ खाणीमागच्या वस्तीनं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘बरी आहे.’ तेव्हा गाडी कालव्याकाठी जाणार, उद्याच्या बैठकीत शिक्कामोर्तब.

खाणीमागंच मावशी राहायची. तिला हे आपल्या तोंडानं सांगावं म्हणून छकुली गेली. खडी फोडून मावशीनंच तिला शिकवलं होतं. मावशी पाणी घेऊन जिना चढत होती. अर्ध्यावर थांबली, भिंतीला टेकली आणि धापा टाकत राहिली. छकुलीनं धावत जाऊन तिच्या हातातलं पाणी घेतलं.

“मावशी, काय होतंय?”

“कुठं काय? बरी आहे की!”

“आणि ही धाप?”

“ती होय! ती इथं सगळ्यांनाच असते. धूळ खाल्ल्यावर दुसरं काय होणार?”

“मग आमचा माणूस आला तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“त्यानं तब्येत विचारली, मी बरी आहे म्हटलं. दारात आलेल्या परक्यापुढं कुणी रडगाणं गातं का गं?”

छकुलीला स्वतःचाच संताप आला. जन्मभर ही भाषा बोलून तिला एवढं कळू नये? कालव्याकाठच्यांनी निदान कधीमधी डॉक्टर पाहिला होता, म्हणून त्यांना आपला आजार ओळखता तरी येत होता. इथं तेवढंही कुणाच्या नशिबी नव्हतं.

बैठकीत तिनं आपलेच आकडे मोडीत काढले.

“अहो, हे तुम्हीच केलंत ना?” साहेब वैतागले.

“हो साहेब. प्रश्नच चुकला माझा.”

मुदत मागून तिनं नवा प्रश्न पाठवला: ‘जिना किंवा चढ चढताना मधे थांबावं लागतं का?’ खाणीमागं घरटी कुणी ना कुणी थांबत होतं. साहेबांनी कुरकुरत का होईना, गाडी दोन्ही वस्त्यांना वाटून दिली.

गाडी आली तेव्हा मावशी सगळ्यांच्या पुढं. तरुण डॉक्टर हसून म्हणाला, “काय मावशी, कशा आहात?”

“बरी आहे!” मावशी ठणकावून म्हणाली.

छकुलीनं कपाळावर हात मारला. “डॉक्टर, एवढं सोडून काहीही विचारा हो!”

त्यानं मावशीच्या पाठीला नळी लावली. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं.

“मावशी, हे किती वर्षांपासून आहे?”

मावशीनं छकुलीकडं पाहिलं, मग डॉक्टरकडं.

“हे म्हणजे कुठलं, बाळा?”