हन्नाबाईंची गाडी

घोडा उठला, पण पुढचा पाय टेकवेना. राजवाड्यासमोर, कापडाच्या दुकानांच्या तोंडाशी टांगा आडवा झाला होता आणि त्याच्या दांडीला नाक लावून हन्नाबाईंची हिरवी गाडी उभी होती. बघता बघता माणसं जमली.

टांगेवाला गेंदालाल घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होता. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मेमसाब, इत्ता बड़ा जानवर नी दिखा?"

हन्नाबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर त्यांची नर्स शालिनी, मांडीवर बाळंतपणाची बॅग घेऊन.

"इनका क्या है भिया," गर्दीतून कुणी म्हणालं, "कल जहाज में बैठ के अपने मुलुक चली जाएँगी."

शिपाई आला. खिडकीत वाकून त्यानं विचारलं, "कौन मुलुक की हो?"

प्रश्न साधा होता, पण हन्नाबाईंना त्याचं उत्तर नीट कधीच देता आलं नव्हतं. त्या जन्मल्या तेव्हा त्यांचं युरोपातलं चेर्नोविट्झ हे गाव एका बादशाहाच्या राज्यात होतं, शाळेत जायला लागल्या तेव्हा दुसऱ्या देशात, आणि आता महायुद्धानंतर तिसऱ्याच. मिलमध्ये इंजिनिअर म्हणून आलेल्या नवऱ्याबरोबर त्या इंदूरला आल्या. नवरा विषमज्वरानं गेला. मागे राहिली ती त्यानं घेतलेली ही गाडी आणि हन्नाबाईंचं सुईणीचं शिक्षण. दोन्हींच्या जोरावर त्या राहिल्या. सुरुवातीला रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची सवय नव्हती, तेव्हा स्वतःशीच "लेफ्ट, लेफ्ट" असं पुटपुटत त्या आख्खं शहर फिरत.

शिपाई खिडकीत वाकून उत्तराची वाट बघत होता, तेव्हा शालिनी खाली उतरली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. पण ती बोलली.

"इंदौर की हैं. तुकोगंज में रहती हैं. परदेशीपुरे के आधे बच्चे इनके हाथ पे जनमे हैं."

भाजीची टोपली घेतलेली एक बाई पुढे आली. "मेरे दोनों," ती म्हणाली. गर्दीचा सूर थोडा खाली आला.

शालिनीचं घर जवळच, छत्रीबागेत होतं. नवरा गेल्यावर ती आईवडिलांकडेच राहत असे. वडील जयसिंगराव होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. त्यांना बोलावणं गेलं. म्हातारा आला तो कुणाकडे न बघता घोड्यापाशीच बसला. पाय वरपासून खालपर्यंत चाचपून म्हणाला, "हड्डी सलामत है. घाव भर जाएगा. मेरे आँगन में बाँध दे, देखभाल मैं करूँगा."

संध्याकाळी हन्नाबाई घोड्यासाठी गूळ घेऊन आल्या. तो अंगणात बांधला होता, त्यासमोरच्या पडवीत सगळे बसले. शालिनीची आई द्वारकाबाई चहा घेऊन आली.

"शालिनी," हन्नाबाई म्हणाल्या, "डावीकडचं मला दिसत नाही. पुष्कळ दिवस झाला."

"झाले," शालिनीनं सवयीनं दुरुस्त केलं आणि मग तिच्या लक्षात आलं. बाई आपल्याला हल्ली मागे का बसू देत नाहीत, 'बोलत राहा, रस्ता सांग' असं का म्हणतात. सायकल आली, गाय आली, असं ती गंमत म्हणून सांगत असे. आज टांगा आला तेव्हा नेमकी ती बॅगेत काहीतरी शोधत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणतात. गाडी बंद करा, म्हणतात." हन्नाबाईंनी कप खाली ठेवला. "गाडी बंद केली तर मी गावात कशी जाणार? टांगा पोचेपर्यंत मूल थांबतो काय? आणि दुसरं सांगते. या देशात माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट आहे."

मग जयसिंगराव म्हणाले, "बाई, दुपारी शिपायानं विचारलं ते शालूनं सांगितलं मला. मनावर घेऊ नका. मी होळकर सरकारचा शिपाई. याच पडवीत बसलेलो होतो, अन् एक दिवस म्हणाले, संस्थान गेलं, आता मध्यभारत. मी काही हाललो नाही, राज्यच सरकलं. तुमचंही तसंच झालं म्हणायचं."

हन्नाबाई हसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"मी शिकते गाडी," शालिनी म्हणाली.

द्वारकाबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. "तू? विधवा बाईनं मोटर चालवायची? बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"माझी आई रिसाल्याची घोडी पाण्यावर न्यायची, खोगीर न घालता," जयसिंगराव म्हणाले. "तीही विधवाच होती. ते तू मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगत असतेस."

द्वारकाबाई उठून आत गेली. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

सकाळी कारखान्यांचे भोंगे व्हायच्या आत पोलोग्राउंडच्या मागचा रस्ता मोकळा असे. तिथं शिकवणी सुरू झाली. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडे. मागच्या सीटवर जयसिंगराव दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसत.

"पोरी, जनावराच्या तोंडाला हिसका देऊ नको."

"आबा, हे जनावर नाहीये."

"मग मी काय धरून बसलोय?"

हन्नाबाईंना हसू आवरेना. पण शिकवताना त्या कडक होत्या. शालिनीचा पाय चुकला की त्यांचाही पाय रिकाम्या जागेवर दाबला जाई. शालिनीला ते दिसे, आणि ती नजर रस्त्यावर ठेवी.

लायसन मिळालं त्या सकाळी द्वारकाबाई दारात उभी होती. आसपासच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी आली. "पदर नीट खोचून घे," ती म्हणाली, "दारात सापडेल कुठं." मग खिडक्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "मेरी बेटी है. काम पे जा रही है."

गेंदालालचा घोडा कधीचाच बरा होऊन गेला होता. टांगा समोरून आला की गेंदालाल हात वर करी आणि म्हणे, "बहनजी, पहले आप."

वर्ष दीड वर्ष असं गेलं. हन्नाबाईंची नजर आकसत आकसत एका नळीएवढी उरली. पोटातलं मूल कसं आहे ते त्या अजूनही बोटांनी ओळखत, पण टाके शालिनी घालू लागली. घरोघरी आता आधी तिचं नाव घेतलं जाई आणि मग बाईंचं.

फाल्गुनातल्या एका दुपारी देवास रस्त्याच्या बाजूच्या एका गावातून दोघी परत येत होत्या. बाळंतपण अवघड होतं, पण सुखरूप झालं. शालिनीनंच केलं, हन्नाबाई बाळंतिणीच्या उशाशी बसून तिचा हात धरून होत्या. निम्मा रस्ता सरला होता.

"इथं माळ आहे ना?" त्यांनी विचारलं. "थांब जरा. मला चालवू दे. शेवटचं."

शालिनीनं गाडी रस्त्यावरून माळावर उतरवली. जागा बदलल्या.

"माणसं?"

"कुणी नाही."

"गुरं?"

"नाहीत. एक पळस आहे, खूप लांब. फुललाय."

हन्नाबाईंनी गिअर टाकला. गाडी एकदाही हिसकली नाही. खडबडीत माळावरून ती सरळ निघाली, मग वेग वाढला, केस उडायला लागले. शालिनीनं एकदाही दार धरलं नाही. ती फक्त समोर बघत राहिली आणि मधूनमधून म्हणत राहिली, "मोकळं आहे. मोकळं आहे."

पळस जवळ आला. "आता थांबा, बाई."

गाडी थांबली. हन्नाबाईंनी स्वतः इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला आणि त्या उतरल्या. तापलेल्या बॉनेटवर हात ठेवत ठेवत, पुढून वळसा घालून पलीकडे आल्या. तोवर शालिनी आतूनच सरकून स्टिअरिंगमागे बसली होती. दाराची मूठ बाईंना लगेच सापडेना. हात वर गेला, मग काचेवर, मग खाली.

आतून दार उघडणं सोपं होतं. शालिनीनं ते उघडलं नाही. ती थांबली. मग मूठ सापडली.