नको

अर्धांगाचा झटका आला आणि उत्तमरावांच्या तोंडात एकच शब्द उरला: नको. ज्यांच्या आवाजाला एकेकाळी रेल्वेचं अख्खं यार्ड दचकायचं, ते आता तहान लागली तरी नकोच म्हणत. चहाला नको म्हणत आणि कप ओठांशी नेला की घटाघट पिऊन टाकत. जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात त्यांचं नको कुणी मनावर घेत नसे.

त्यांच्या लुळ्या हाताचा व्यायाम त्यांची लेक कुंदा करून घ्यायची. इस्पितळातल्या बाईंनी तिला तो शिकवला, आणि तिथंच तिनं ठरवलं, शिकायची तर फिजिओथेरपी. जयपुरात काही सोय नव्हती. दिल्ली आणि मुंबई, दोन्हीकडे तिचा नंबर लागला होता. आता एक कॉलेज निवडायचं होतं.

"बाबा, दिल्लीला जाऊ?" त्यांची आखडलेली बोटं उघडत तिनं विचारलं.

"नको."

"मतलब, मुंबईला? मामाकडे राहीन."

"नको."

स्टोव्हला पंप मारता मारता आई हसली. "अगं, त्यांना काय विचारतेस? हो म्हणायचं असलं तरी नकोच म्हणतील."

कुंदालाही हसू आलं. "बरं, मग कुठंच जात नाही. जन्मभर इथंच तुमचा हात चोळत बसते. चालेल?"

ती नकोची वाट बघत राहिली.

आईचा पंप थांबला. बाबांनी चांगल्या हातानं कुंदाचं मनगट धरलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं.